पाचावरचा ठिपका

१ डिसेंबर २०१९, रविवार

ठरलं! दोन्ही मंडळं एक होणार. आमचं, म्हणजे जुन्या शिलेदार घराण्यांचं, आणि दाना ओली या गल्लीतलं, ब्राह्मण मंडळींचं. इतकी वर्षं एकमेकांच्या गणपतीला नुसती हजेरी लावली, आता गणपतीच एक. कारण साधं आहे. माणसं उरली नाहीत. मुलं पुण्याला, बंगलोरला. म्हातारे इथं. एका हॉलमध्ये मावतो आता आम्ही सगळे, वर खुर्च्या उरतात.

त्यांचे कार्यवाह गोपाळकृष्ण वैशंपायन. कॉलेजातून रिटायर झाले, पण अजून फळ्यासमोर उभे असल्यासारखे बोलतात. म्हणाले, "मानसिंगराव, अध्यक्ष कोण ते मागाहून बघू. आधी हे सांगा, निरोप कोण पाठवणार?"

मी म्हटलं, मी.

माझंच काम ते. लष्करात, म्हणजे हिंदी मुलखातल्या आमच्या या शहरभागात, आमच्यातलं कुणी गेलं की निरोप माझ्या फोनवरून जातो. नाव, वय, मूळ गाव, कुठून निघणार, किती वाजता, शोकाकुल कोण. आजवर एक चूक नाही. लोक म्हणतात, मानसिंगरावांचा मेसेज आला ना, मग गेलाच समजा.

"पण त्या बटणांच्या फोनवरून नको हो," वैशंपायन म्हणाले. "सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत. मंडळ तुम्हाला टचवाला घेऊन देईल. वापरून बघा. नाहीच जमलं तर मी आहेच."

मी आहेच!

३ डिसेंबर

नवा फोन आला. काळी पाटी. हातात धरली की तोंड दिसतं स्वतःचं.

५ डिसेंबर

पाटणकर बाजारातल्या माझ्या दुकानात लग्नपत्रिका छापतात, शिक्के बनतात. मी हे कुणाकडून शिकलो नाही. सोळाव्या वर्षी प्रेसमध्ये झाडू मारायला लागलो, आणि मालक जेवायला गेला की अक्षरांच्या खिळ्यांच्या खणांत हात घालून बसायचो. डोळे मिटून. बोटाला अक्षर कळायचं, उलटं असलं तरी. पुढं कंप्यूटर आला, तोही असाच. मग बटणांचा फोन. चारावर क, पाचावर च, आठावर प. प एकदा दाबायचा, म पाच वेळा. कुणी सांगितलं नव्हतं. मधल्या पाचावर एक बारीक ठिपका असतो, उंचवटा. अंगठा त्यावर टेकला की बाकीची बटणं आपोआप सापडतात. आंधळ्यालाही लिहिता येईल.

काचेवर काय आहे? काहीच नाही. सगळीकडे सारखं. बोट कुठं ठेवलं ते बोटाला कळतच नाही, डोळ्यांना विचारावं लागतं.

वैशंपायनांना हे सांगितलं. म्हणाले, "सवय होईल."

सवय मला नको, खात्री पाहिजे.

८ डिसेंबर

विमलताई डबा घेऊन आली. माझी थोरली बहीण. माझी बायको, उषा, गेल्यापासून रोज दुपारी येते, सरळ घरात शिरते, भांडी बघते, मग माझ्याकडे.

"शुगरच्या गोळ्या घेतोस ना रे?"

"घेतो."

"खा माझी शपथ."

"ताई, तू वरण कर छान. शपथा नको."

गोळ्या उषा द्यायची. चहाच्या कपाच्या बशीत ठेवायची, म्हणजे चुकवता येऊ नये. आता बशी वापरत नाही मी.

११ डिसेंबर

काही नाही. थंडी.

१५ डिसेंबर, रविवार

काचेचा सराव. ओळीच्या वर शब्द दाखवते ती, हा घ्या, तो घ्या, भाजीवाल्यासारखी. मला काय लिहायचंय ते हिनं का सांगावं! शेजारचा शब्द लागतो. पुसायचं, परत. दोन ओळींना अर्धा तास.

ताई बघत होती. म्हणाली, "अरे, एवढं जोरात काय दाबतोस? फुटेल ती."

जोरात दाबत नव्हतो मी.

१९ डिसेंबर

उषाच्या निरोपाची आठवण निघाली आज. मंडळातला मधू आला होता दुकानात, त्याच्या मुलीची पत्रिका घेऊन. म्हणाला, "भाऊसाहेब, वहिनींच्या वेळी तुम्ही तो मेसेज कसा टाइप केला हो? मी समोर उभा होतो. तुमचा हात शालीच्या आत होता, तुम्ही डॉक्टरांशी बोलत होता, आणि माझ्या खिशात फोन वाजला!"

खरं आहे. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. डॉक्टर सांगत होते, कागद कुठं मिळतील, गाडी कुठं उभी राहील. मी जी, जी म्हणत होतो. शालीच्या आत अंगठा चालला होता. सौ. उषा मानसिंगराव, वय, मूळ गाव, वेळ. एक काना चुकला नाही. तेराव्याला सगळ्यांनी तेच सांगितलं, काय मेसेज होता, एक चूक नाही!

मी रडलो का, हे कुणी विचारलं नाही. बरं झालं. नव्हतो रडलो. अजूनही नाही.

२४ डिसेंबर

ताईनं आज आरडाओरडा केला. "अरे मान्या, ग्लास ठेव खाली! वाफा निघताहेत त्यातून!"

काचेचा ग्लास होता, चहाचा, काठोकाठ. मी धरून बसलो होतो. ठेवला. बोटं लाल झालेली.

"लागलं नाही तुला?"

"थंडीत बरं वाटतं," म्हटलं.

हल्ली मला काही लागतच नाही. लोक जातात, मी निरोप पाठवतो, जेवतो, झोपतो. घट्ट झालोय असं लोकांना वाटतं. वाटू दे.

१ जानेवारी २०२०

दोन्ही मंडळं आजपासून एक. पेढे वाटले. वैशंपायनांनी ग्रुप बनवला आणि जाहीर केलं, यापुढं सर्व निरोप मानसिंगरावांकडून, याच ग्रुपवर. टाळ्या. अंगठ्यांची चित्रं आली शेपन्नास.

७ जानेवारी, मंगळवार

कसं लिहू? जसं झालं तसं लिहितो.

पहाटे जगदेवराव गेले. सून दुर्गा, तिचा फोन आला. "काका, बाबा गेले. तुम्ही कळवा सगळ्यांना." इथंच, पाटणकर बाजारामागं घर. धाकटे भाऊ महिपतराव, ते लांब, कंपू भागात राहतात. दोघेही ऐंशीच्या आसपास, दर रविवारी एकमेकांकडे जाणारे.

धुकं होतं. बोटं गार. काचेवर निरोप लिहिला. नाव, वय, मूळ गाव, पत्ता, दहा वाजता निघणार. शोकाकुल, बंधू महिपतराव. काच वर दोन्ही नावं दाखवत होती, एकाशेजारी एक. मी जगदेवराव दाबलं. मी जगदेवरावच दाबलं! वाचून बघितलं की नाही? बघितलं. पण ताई शेजारी रडत होती, दुर्गाचा परत फोन. बघितलं असं वाटलं.

गेला निरोप.

नावं उलटी गेली. महिपतरावांचं निधन, शोकाकुल बंधू जगदेवराव.

पत्ता बरोबर होता. पण पत्ता कोण वाचतं? नाव वाचलं की माणूस चप्पल घालतो. आमच्यात सगळ्यांना सगळ्यांची घरं पाठ. सगळं मंडळ, आमचं आणि त्यांचं, दोन्ही, कंपूत जाऊन उभं राहिलं. हार घेऊन.

दार महिपतरावांनी उघडलं. भावाकडे जायला निघाले होते. कोट घातलेला, गाडीची वाट बघत. दारातली गर्दी आणि फोन निस्तरण्यातच त्यांची वेळ गेली.

इकडे मी जगदेवरावांच्या दारात उभा. साडेनऊ झाले, पावणेदहा. कुणी येईना. मी फोन लावतोय महिपतरावांना, एंगेज. परत एंगेज. सगळं गाव त्यांना फोन करून विचारत होतं, तुम्ही गेलात का. गुरुजी म्हणाले, "मानसिंगरावांनी दहा लिहिलंय ना? मग बाकीचे थेट लक्ष्मीगंजच्या स्मशानात येतील. थांबायचं कशाला?"

दहा म्हणजे दहा. माझी वेळ कधी चुकत नाही.

खांदा द्यायला मुलगा, मी, शेजारचे सोनीजी आणि सोनीजींचा दूधवाला.

महिपतराव पोचले तेव्हा पेटलेलं होतं. त्यांनी काठी टाकली आणि नुसते उभे राहिले. मला म्हणाले, "मान्या, तोंड बघायचं होतं रे."

मला काही वाटलं नाही. धूर डोळ्यांत गेला तरी पाणी आलं नाही.

८ जानेवारी

महिपतरावांकडे गेलो. पायांवर डोकं ठेवलं.

ते म्हणाले, "उठ. बस. काल बायकांनी काय रडं काढलं माझ्यासाठी! इंदुताई तर दाराशी बसून माझे गुण सांगत होत्या. मी म्हटलं, बाई, चालू द्या, हे मला जिवंतपणी कुणी सांगितलं नव्हतं."

हसले. मग हसता हसता थांबले.

"जगदेवसाठी कुणी रडलंच नाही," म्हणाले.

९ जानेवारी

दुकान उघडलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

सभा. विषय एकच. मी.

वैशंपायन फार सभ्यपणे बोलले, ते जास्त लागायला हवं होतं. "चूक कुणाच्याही हातून होते. पण हे काम जबाबदारीचं आहे." मागून कुणीतरी हिंदीत, "अंकलजी, रहने दीजिए अब, आराम कीजिए." हा आमचाच, भोसल्यांचा.

मी उभा राहिलो. म्हटलं, माझी चूक आहे, पण हात माझा चुकला नाही. काच चुकली. आणि ती नवी काळी पाटी टेबलावर ठेवली. म्हटलं, हिच्यावर बोटाला काही कळत नाही. बटण असतं तर दाबलंय की नाही, कोणतं दाबलंय, अंगठ्याला कळलं असतं. मी खिळ्यांपासून शिकलोय. बोटाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही. मला माझा फोन परत द्या. एसएमएस पाठवीन, एकेकाला. वेळ लागेल. चूक होणार नाही. झाली, तर मला काढा.

मग महिपतराव उठले, काठीवर.

"मेलेल्या माणसाला मत असतं का?" म्हणाले. हशा. "असेल तर माझं मत मानसिंगला. त्याच्या बटणांवरून माझी वहिनी गेली, उषा गेली, माझा मुलगा गेला. कधी उलटंसुलटं झालं नाही. काचेवर पहिलाच मी."

वैशंपायनांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "खरं सांगू? मीही काचेवर दहादा खोडतो. सांगत नाही एवढंच. निरोप मानसिंगरावांनी त्यांच्या बटणांवरूनच पाठवावेत, असं मी सुचवतो."

सगळ्यांनी हात वर केले. दोन्हीकडच्यांनी!

घरी येऊन जुना फोन काढला. चार्जिंगला लावला. आनंद व्हायला पाहिजे होता.

१५ जानेवारी, संक्रांत

ताईनं तिळगूळ केला. चार वड्या खाल्ल्या, मग अजून दोन. ती बघत राहिली. गोळ्यांबद्दल विचारलं नाही तिनं, नुसती बघत राहिली. जाताना सदऱ्याची बटणं लावून दिली माझ्या. मला वेळ लागत होता. थंडी!

१६ जानेवारी, गुरुवार

कुसुमताई गेल्या. दाना ओलीतल्या. वैशंपायनांच्या आत्या. एकत्र झालेल्या मंडळाचा, माझ्या बटणांवरून जाणारा पहिला निरोप.

जुना फोन घेऊन खुर्चीत बसलो. शाल ओढली. पूर्वीसारखाच हात आत घेतला, खिडकीबाहेर बघत लिहिलं. श्रीमती कुसुमताई, वय, मूळ गाव, निघण्याची वेळ. अंगठा अगदी ओळखीनं चालला होता. बाहेर काढून वाचलं.

एक शब्द धड नव्हता.

परत. हळू. परत तेच. भलतीच अक्षरं, एकात एक अडकलेली.

मग अंगठा पाचावर ठेवला. उजेडात धरून बघितलं. ठिपका आहे. जसाच्या तसा आहे, झिजलेला नाही. डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. इकडून तिकडून. दुसऱ्या हाताचा अंगठा. तर्जनी. नखानं दाबून.

सगळीकडे सारखं. काचेसारखं.

वैशंपायनांना फोन केला. म्हटलं, तुमच्या आत्यांचा निरोप तुम्हीच पाठवा.

"अहो, पण परवाच तर सभेनं…"

म्हटलं, नाव दोनदा वाचा. आणि महिपतरावांना सांगा, काचेची चूक नव्हती.

१७ जानेवारी

ताईला म्हटलं, डॉक्टरांकडे चल माझ्याबरोबर. बोटांना काही कळत नाही.

"कधीपासून?"

"उषा गेल्यापासून," म्हटलं. आणि रडायला आलं.