पुलाची ओळ

३ फेब्रुवारी

सूनबाई आज पुन्हा कागदांचा गठ्ठा घेऊन घरी आली. अर्थखात्याची सचिव झाल्यापासून ती गठ्ठ्यासकटच घरी येते. या महिनाअखेरीस राज्याचं बजेट मांडायचंय, आणि अर्थमंत्र्यांनी नवं खूळ काढलंय — भाषण असं हवं की निरक्षर बाईलाही कळावं. निरक्षर बाई शोधायला सुनेला लांब जावं लागलं नाही. रोज संध्याकाळी, बजेट फुटू नये म्हणून माझ्या मुलाला खोलीबाहेर काढून, ती एकेक ओळ वाचणार. मी 'कळलं' म्हटलं तर ओळ राहणार, नाही म्हटलं तर बदलणार.

अठ्ठ्याहत्तर वर्षांत अक्षराला हात लावला नाही, त्याचं शेवटी चीज झालं. लिहून घेणारी नात खिदळतेय. खिदळ, पण लिही.

६ फेब्रुवारी

मुलाचं फ्रिज-वॉशिंग मशीनचं दुकान, वर तो व्यापारी संघाचा अध्यक्ष. त्याला विक्रीकर कमी हवा. जेवताना म्हणाला, "कर उतरला की किंमत उतरेल, गिऱ्हाईक येईल, बाजार हलेल."

सून म्हणाली, "खिशात काही असेल तर येईल ना. सरकारनं कामं काढली, मजुरी हातात पडली, की येईल."

मी विचारलं, "कर कमी घ्यायचा आणि कामं जास्त काढायची, तर मधले पैसे आणणार कुठून?"

दोघांनी एकदमच मान खाली घालून भात कालवायला घेतला. लग्नाला बावीस वर्षं झाली, एकमत झालेलं आज पहिल्यांदा पाहिलं.

९ फेब्रुवारी

ताईचा फोन. माझी मोठी बहीण नदीपलीकडे राहते. आमच्या गच्चीवरून तिच्या घराचं छप्पर दिसतं, पण जायचं म्हणजे साठ किलोमीटरचा वळसा — बसमध्ये माझी हाडं खिळखिळी होतात. होडी होती, ती नावाड्याच्या गुडघ्यांबरोबर बंद पडली. पूल पंधरा वर्षं कागदावर आहे.

"मरायच्या आधी येशील का एकदा?"

"कुणाच्या मरायच्या?"

"जी आधी जाईल तिच्या," म्हणाली. मग दोघी हसलो, आणि फोन ठेवल्यावर मी गच्चीवर जाऊन तिचं छप्पर बघून आले.

१० फेब्रुवारी

सुनेपाशी पुलाचा विषय काढला नाही. नुसते तीन-चार उसासे सोडले.

"आई, उसाशांवर तरतूद होत नाही."

१४ फेब्रुवारी

आली ती ओळ. "नदीवरील प्रस्तावित पुलाचा विचार यथावकाश करण्यात येईल." कळलं तर सगळं होतं. 'यथावकाश' म्हणजे काय ते मला लग्न होऊन आले तेव्हापासून ठाऊक आहे. माझं न्हाणीघर यथावकाश होणार होतं — मुलगा कॉलेजात गेला तेव्हा झालं.

म्हटलं, "नाही कळलं."

१५ फेब्रुवारी

नाही कळलं.

१७ फेब्रुवारी

"पुलाचे काम पुढील टप्प्यात हाती घेण्यात येईल."

"कुठला टप्पा? नाही बाई कळलं."

सुनेनं चष्म्यावरून पाहिलं. "कर्जावरच्या व्याजाचं सबंध पान तुम्हाला एका दमात कळलं, आई."

"व्याज सोपं असतं."

१९ फेब्रुवारी

आज तिनं कागद खाली ठेवला, चष्मा काढला. "पूल यंदा होणार नाही. ते पैसे आम्ही विक्रीकर कमी करायला वापरतोय. आता कळलं?"

आता खोटं कुठल्या तोंडानं बोलू? "कळलं," म्हटलं.

तिनं तसंच्या तसं लिहून टाकलं. दमली होती बिचारी. मी केलेल्या चहात साखर नव्हती, तेही तिला कळलं नाही.

२१ फेब्रुवारी

सून आज हसतच घरी आली. मंत्र्यांची तालीम होती. धडाधड वाचत सुटले आणि त्या ओळीशी येऊन अडले. पुन्हा वरून सुरुवात केली, पुन्हा तिथेच.

"हे मी सभागृहात उभं राहून वाचायचं?"

"ओळ निरक्षर बाईला कळलेली आहे, साहेब."

"तेच तर. जुनी घाला परत."

"ती बाईला कळत नाही."

पाऊण तास डोकं धरून बसले म्हणे. शेवटी ठरलं — कर अर्धाच उतरवायचा, उरलेल्यातून पूल सुरू करायचा.

मी म्हटलं, "हे कळलं हो मला. लगेच."

२८ फेब्रुवारी

बजेट मांडलं. मुलगा टीव्हीसमोर कपाळाला हात लावून. "अर्धाच कर उतरवला. गिऱ्हाईकाला काय सांगू, अर्धा फ्रिज घ्या?"

"पलीकडच्या लोकांना जवळचं दुकान तुमचंच होईल," सून म्हणाली. त्यानं टीव्ही बंद केला. मग उठून गच्चीवर गेला, आणि बराच वेळ पलीकडची घरं बघत राहिला.

मी ताईला फोन लावला. ती आधी रडली, मग म्हणाली, "येताना रिकाम्या हातानं येऊ नकोस."

११ जून

ताईचा फोन. मोजणीवाले येऊन गेले. लाल रंगाची खूण तिच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मारलीय — पूल तिथेच उतरणार, घर पाडणार. नवं घर मांडायचं आता वय नाही, म्हणाली. माझ्याकडेच येतेय, कायमची.

नदीपलीकडे मला जायला आता कुणी नाही. माझी खिडकीजवळची खाट तिला हवी आहे.