खोलीभर रूळ

२६ सप्टेंबर

कपाटावरचा खोका काढला. केवढी धूळ! मोनाचं रोलर कोस्टर. निळ्या पट्ट्या, खांब, एक लाल गाडी. नात आईबरोबर गेली तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता.

सून क्रांती तिला घेऊन वारणानगरला वेगळी राहते, त्याला वर्ष होत आलं. विश्वजित पुण्यात. फोन केला की म्हणतो, "आई, तू मधी पडू नको." माझ्याच पोराचं घर मोडलं, आणि मी मधी पडू नको.

काल मोना फोनवर म्हणाली, "आज्जी, दिवाळीला आले की कोस्टर लावूया. चारी भिंतींना, खोलीभर." म्हटलं लावूया. पण दिवाळीपर्यंत कोण थांबतंय.

२८ सप्टेंबर

कपाटाच्या डोक्यावरून गाडी सोडायची, भिंतीभिंतीनं खाली आणायची. सोपं वाटलं होतं. दोन भिंतींतच सामान संपलं. मधला उलटा गोल मोडला तर तिसरी भिंत निघेल. पण मोनाला तोच आवडतो. गोल राहणार.

खांब कमी पडले तिथं दोऱ्याची रिकामी रिळं लावली, मसाल्याचे डबे लावले. फॉल-पिकोच्या साड्या तशाच पडून आहेत.

१ ऑक्टोबर

खंडेनवमी. शिलाई मशीन पुसून पूजा केली. आमच्या मालकांनी मोटरसायकल धुतली, हार घातला. मग मोनाच्या गाडीनं काय पाप केलंय? तिलाही हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. उतारावर नारळाचं पाणी शिंपडलं.

२ ऑक्टोबर

गाडी जागची हलेना. चाकांत ओली हळद जाऊन घट्ट बसली. पट्ट्यांवर मुंग्यांची रांग. मालक दारात उभं राहून पोट धरून हसले — "तुझ्या पूजेला गाडी पावली की. जाग्यावरच बसली."

सगळं काढून कोमट पाण्यात धुतलं. चाकांना मशीनचं तेल सोडलं. दसऱ्याचा दिवस असा गेला, सोनं द्यायला कुणाच्या दारी गेले नाही. मोनाच्या नावाचं पान तेवढं देवापुढं वेगळं ठेवलं.

५ ऑक्टोबर

वायरिंगवाल्याकडून वायरी झाकायची केसिंगची पांढरी पट्टी आणली. तिच्यातनं गाडी बरोबर जाते. तिसरी भिंत झाली. चौथीला दार आलं. दारातनं आडवी पट्टी नेली, गुडघ्याएवढ्या उंचीवर. मालक म्हणाले, "मी काय आता रांगत येऊ आत?" म्हटलं, पाय उचला.

शेजारची बायडाबाई डोकावली. "शालन, नात न्हाई आणि खेळणं कसलं मांडलंस? वय काय तुझं?"

"वय माझं झालंय. खेळण्याचं न्हाई."

गेली. पण बोलून गेली ते गेलं नाही.

८ ऑक्टोबर

गाडी आली! कपाटावरून सुटली, गोलात उलटी झाली, चारी भिंती फिरली, खाली पाटाला येऊन टेकली. मी मागं वळून बघितलं. खोलीत कुणी नव्हतं.

परत सोडली. चाकांचा आवाज येतो तेवढा वेळ बरं वाटतं.

१२ ऑक्टोबर

राहवलं नाही. मोनाला फोनवर सांगितलं, कोस्टर तयार हाय, चारी भिंतींना.

"सगळं लावलंस?"

म्हटलं सगळं.

मग म्हणाली, "मग मी काय लावू?"

एवढी पोर.

क्रांतीनं फोन घेतला. "आत्ती, ती येणार न्हाई. विश्वजित यायचा हाय दिवाळीला. पोरीसमोर परत तीच भांडणं नकोत मला. तुमाला वाटलं तर तुमी या."

मी फोन ठेवून दिला. वाटलं तर! हे काय बोलावणं झालं? घर सोडून गेलेल्या सुनेच्या दारात सासूनं जाऊन उभं राहायचं?

१३ ऑक्टोबर

आज शिवण नाही. गाडी सोडली नाही.

२० ऑक्टोबर

विश्वजित आला. दारातल्या पट्टीला पाय अडला. "हे कुणासाठी?" म्हणाला. लाल गाडी हातात घेऊन बसला. चिवडा दिला, खाल्ला नाही.

"ती माझ्याशी फोनवर बोलत न्हाई, आई."

त्याला काय सांगू? माझ्याशी बोलते, पण गेल्या दिवाळीपासून मी तिचं तोंड बघितलेलं नाही. केस किती वाढले असतील. दात पडले असतील. फोनवर ते कळत नाही.

२२ ऑक्टोबर

पाडवा. सकाळी उठून कोस्टर काढलं. एकेक पट्टी फडक्यानं पुसून खोक्यात भरली. केसिंगचे तुकडे दोरीनं बांधले.

मालकांना ओवाळलं आणि खोका उचलला. ते बघतच राहिले. "आज? सणाचं घर सोडून? ती एकदा तरी नीट या म्हणाली काय तुला?"

"न्हाई."

"मग लोक काय म्हणतील?"

"लोकांची नात लोकांच्या घरात हाय."

खोका एस.टी.पर्यंत विश्वजितनं आणून दिला.

२३ ऑक्टोबर, वारणानगर

क्रांतीची खोली आमच्यापेक्षा लहान. चारी भिंती झाल्या तरी पट्ट्या उरल्या. मोनानं लावलं. मी नुसती एकेक हातात देत होते.