वीस चिठ्ठ्यांचं गाव

वटार,
ता. ९ फेब्रुवारी २०२५

चि. दिपिका हिस,

खुशाल असशील. तुझ्या बाबांचा गुडघा आता बरा आहे. केळी यंदा चांगली धरलीत.

लिहायचं कारण वेगळंच. आपली हेमांगी प्रचंड मोठ्या जाळ्यांच्या गणितात पीएचडी करतेय. म्हटलं, "चित्रकलेच्या निवृत्त मास्तरला कळेल असं सांग." ती म्हणाली, "बाबा, तक्ता करा. उभी गावातली नावं, आडवी तीच. दोघांचं येणं-जाणं असेल तर चौकोन काळा, नसेल तर पांढरा. सारखी माणसं शेजारी मांडा. माणसं वाढत गेली की चौकोन दिसेनासे होतात, राखाडी छटा उरतात. कुठे गडद, कुठे फिकट. तीच जाळ्याची सीमा, म्हणजे शेवटी उरणारं चित्र."

गंमत पुढेच. जाळं हजाराचं असो की कोटीचं, मोजक्या चिठ्ठ्या उचलल्या तरी छटेचा अंदाज येतो म्हणे! मला खरं वाटेना. मतदार यादीतून वीस नावांच्या चिठ्ठ्या काढल्या आणि वही घेऊन दारोदार विचारत सुटलो.

सातवी चिठ्ठी तुझी. लग्नाला सहा वर्षं झाली, तरी नाव इथल्याच यादीत. तुझी ओळ मी न विचारताच पांढरी सोडली.

पापडीच्या बाजारात भाजी विकणाऱ्या पुतळाबाईंचीही चिठ्ठी निघाली होती. वही बघून म्हणाल्या, "ही कोरी कशी? मी जाते ना तिच्याकडं. पानी पिते, बसते. तिचा नवरा लुईस डोक्यावरची टोपली उतरवतो."

मग सगळ्यांना विचारलं. अकरा जण तुझ्याकडे जातात. घरी सांगितलं तर तुझी काकू वसुंधरा भाकरी थापतच म्हणाली, "माझी चिठ्ठी नाही निघाली, पण मीही जाते. पहिल्या वर्षापासून."

गावाने तुला तोडलं, असंच मी धरून चाललो होतो. तोडलं होतं मी. तुझ्या लग्नाच्या सकाळी तुझा बाप हरेश्वर तयार होऊन अंगणात उभा होता. "चर्चची पायरी चढलास तर माझं दार बंद," असं मीच त्याला म्हणालो. थोरल्या भावाचा शब्द, तो आत गेला. त्याने तुला हे सांगितलं नसणार.

हेमांगी म्हणते, इतक्या मोठ्या जाळ्यात एक रेघ असली-नसली तरी सीमेला फरक पडत नाही. मी म्हटलं, "ज्यांची रेघ, त्यांना पडतो."

रविवारी चर्चमधला तुमचा मिस्सा आटोपला की हरेश्वरला घेऊन येतो. येऊ ना? मी नको असेन तर तसं कळव. त्याला तुझ्या दारापर्यंत सोडून परत फिरेन.

लांबून का होईना, आशीर्वाद देत होतो, असं लिहिणार होतो. ते खोटं झालं असतं. आज पहिल्यांदा देतोय, तुला आणि लुईसला.

तुझा मोठा काका,
दिनानाथ