त्रिशलाने अन्न सोडले नव्हते

मी नेमगोंडा भूपाल मगदूम, वय सत्तरीच्या पुढे, धंदा शेती, राहणार मौजे बसवणहाळ, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर, कोणाच्या धाकात किंवा भिडेत न येता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. स्मरणशक्ती तर इतकी शाबूत आहे की गावातल्या काही जणांना तिचा त्रास होतो.

१. ओढ्याकाठची उसाची जमीन, विहिरीतील हिस्सा व दोन्ही बैल माझा एकुलता मुलगा भरतेश यास द्यावेत. तो इचलकरंजीत माग चालवतो, शेतीत रमणार नाही. जमीन वाट्याने लावावी, पण बैल विकू नयेत. थकले तरी ते दावणीलाच राहतील.

२. बस्तीसमोरचे माझे राहते घर. बस्ती म्हणजे आमचे जैन मंदिर. तिथल्या पंचांनी हे घर माझी पत्नी कै. त्रिशला हिच्या नावे धर्मशाळेसाठी मागितले आहे. ते देऊ नये. कारण लिहिणे भाग आहे.

शहात्तर सालच्या पावसाळ्यात तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. घास जाईना, पाणीही उलटून पडे. गावात सरकारी दवाखाना आहे, त्याला पाटी आहे, पायऱ्याही आहेत. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. डॉक्टरांना जीपसकट नसबंदीच्या शिबिराला नेले होते. नर्सबाई मुरगूडला राहत, आणि वेदगंगेच्या पुलावर पाणी आलेले. मी रोज गाडी जुंपून पुलापर्यंत जायचो आणि परत यायचो. पाऊल वाजले की ती विचारायची, "अवो, डागदर आला का बगा की." शेवटपर्यंत तेच विचारीत होती.

ती गेली आणि लोक पाया पडायला आले. माझा चुलतभाऊ गोमटेश बस्तीचा पंच आहे. तो म्हणाला, "दादा, वैनीनं अन्नपाणी सोडून देह ठेवला. असलं मरण साधूला मिळतंय." मी म्हणालो, "तिला मरण नको हुतं रं, डागदर पायजे हुता." तरीही त्याने बस्तीच्या भिंतीत दगड बसवलाच: सल्लेखना व्रत घेऊन समाधिमरण. ते व्रत थोर आहे, माझ्या आजोबांनी घेतले होते. पण ते घ्यायचे असते, कोणी मागाहून चिकटवायचे नसते. पुढे कोल्हापुरात एका सर्जनला मी लक्षणे सांगितली. ते म्हणाले, आतड्याला पीळ पडला असावा, वेळेत आणले असते तर वाचल्या असत्या.

आमचे डॉक्टर नंतर भेटायला आले. शिबिराचा आकडा भरेपर्यंत त्यांचा पगार अडवला होता. ओसरीवर बसून ते रडले. त्यांच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो आमच्यावर. नर्सबाईने गावात खोली मागितली होती. आमच्या आळीत कोणी दिली नाही, का, तर ती मटण खाते. ती मुरगूडला राहिली आणि मध्ये नदी आली.

म्हणून हे घर ग्रामपंचायतीकडे जावे, ते दवाखान्याच्या नर्सबाईने मुक्कामाला राहण्यासाठीच. ती कोणत्याही जातीची असो. तिच्या चुलीवर काय शिजते हे बघायला कोणी जाऊ नये. वास आला तर बस्तीतल्यांनी दार लावून घ्यावे. मी जन्मात अंडेसुद्धा शिवलो नाही, तरी हे शुद्धीत लिहितो आहे. दारावर त्रिशलाचे नाव नको. "नर्सबाई येथे राहतात" एवढे पुरे. भरतेशला विचारले आहे. तो म्हणाला, "राहू देत की आप्पा. मला कुठं सवड हाय इकडं यायला?"

३. गोमटेशला माझी काश्मिरी शाल. आम्ही एका ताटात जेवलो आहोत, वैर नाही. मात्र तो दगड त्याने स्वतःच्या हाताने काढावा. त्या जागी दुसरा बसवू नये.

४. मी आजारी पडलो तर आधी दवाखान्यात न्यावे. बंद असेल तर दुसरीकडे न्यावे. इलाज उरला नाही असे डॉक्टर तोंडावर सांगतील, तेव्हा व्रत घ्यायचे की नाही ते मी माझ्या तोंडाने सांगेन. मला बोलता येत नसेल तर माझ्या वतीने कोणी बोलू नये.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले, पटले.

ठिकाण: मौजे बसवणहाळ
दिनांक: ४ ऑक्टोबर १९८१

सही: नेमगोंडा भूपाल मगदूम

साक्षीदार:
१. केरबा दत्तू खोत (सही)
२. गणपतराव बाळा सुतार (सही)

ता. क. लिहिणाऱ्याची बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला खाली जोडावा असे वकिलांनी सांगितले. साक्षीदारांना घेऊन गावच्या दवाखान्यात गेलो. कुलूप होते. दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हाही होते. वकील म्हणाले, कोल्हापुरातून आणू. मी नको म्हणालो. गावचे डॉक्टर येईपर्यंत ही जागा कोरी राहील.

डॉक्टरांची सही: