चमचाभर खोकल्याचं औषध

तीर्थरूप आईस,
माझा नमस्कार. तुझ्या नातीचा झोपेतूनच.

आम्ही दोघी सुखरूप आहोत. टाके जरा ओढतात, पण बसून पाजता येतं, तेव्हा घोर लावून घेऊ नकोस.

सिझेरियनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुणाला एखादं औषध बाधलंय का?" मी हसत सांगितलं, की खोकल्याच्या चमचाभर औषधाने आई दिवसभर निपचित पडली होती. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझी जनुकीय तपासणी करवली. त्या औषधातल्या कोडीनचं मॉर्फिन, म्हणजे गुंगी आणणारं द्रव्य, माझ्या शरीरात फार झपाट्याने होतं म्हणे. टाक्यांच्या दुखण्यावर इथे कोडीनचीच गोळी देणार होते. दुधातून ते बाळाच्या पोटात जाऊन तिचा श्वास मंदावू शकला असता. मला वेगळी गोळी दिली.

आई, तुला सगळे नाजूक म्हणायचे. तुझ्या त्या दुखण्यानेच हिला सांभाळलं गं.

तुझा खोकला कसा आहे? औषध घेण्याआधी डॉक्टरांना हे सांगच. बाबांनाही पत्र वाचून दाखव.

ह्यांची रजा सोमवारी संपते. मग दिवसभर आम्ही दोघीच. जमेल.

हिच्यातही हा गुण उतरलाय का, ते पुढे कळेल. नाक मात्र तुझंच आलंय, त्याला तपासणी नको.

तुझीच,
धाकटी