खेकड्याने अध्यक्षांना धरले

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला असेल, निदान आपल्याला खोकला आहे हे त्यांनी मान्य तरी केलं असेल. आमचं इथे, गावाच्या या टोकाला, बरं चाललंय.

आमच्या सेवा मंडळाचा मी चिटणीस झालो हे तुला कळवलंच होतं (अध्यक्षाला भाषण यावं लागतं, चिटणिसाला खुर्च्या मांडता आल्या तरी भागतं). परवाच्या सभेला हायस्कूलच्या रोबोटिक्स क्लबला बोलावलं होतं. चार-पाच मुलं आली. पुढे त्यांची कॅप्टन, दहावीतली चष्मेवाली मुलगी, आणि मागून रोबो. त्याचं नाव खेकडा. स्टुलाएवढा उंच, खाली चाकं, वर लांब नांगी. नारंगी चेंडू हुडकायचे, नांगीत धरायचे आणि कोपऱ्यातल्या टोपलीत नेऊन टाकायचे, एवढंच त्याला येतं, पण ते तो कुणी न सांगता करतो (आमच्या मंडळात असा सभासद नाही). मुलांची शाळेतली खोली परीक्षेच्या कामासाठी काढून घेतली होती, स्पर्धा तोंडावर आलेली, तेव्हा सरावाला जागा मिळेल का, हे विचारायला ती आली होती. पण आधी अध्यक्षांचं भाषण होतं.

अध्यक्ष आमचे दातांचे डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं ठेवून आपण एकट्यानेच बोलायचं, हा त्यांचा जन्माचा व्यवसाय. विषय होता 'यंत्र माणसाची जागा घेईल काय'. भाषण लांबलं तसं मुलांनी खेकडा चालू करून ठेवला, म्हणजे पुढे वेळ जायला नको. आणि ताई, पाहुण्यांच्या मानासाठी आम्ही सगळ्यांनी मंडळाची नवी जाकिटं घातली होती. नारंगी.

खेकडा जरा वेळ जागीच फिरला (इतके चेंडू एका जागी त्याने कधी पाहिले नसावेत), मग सरळ व्यासपीठापाशी गेला आणि त्याने अध्यक्षांच्या जाकिटाचं टोक धरलं. चेंडू जड निघाला, पण त्याने जिद्द सोडली नाही. अध्यक्षही कसलेले. हातात माईक घेऊन बोलत बोलतच ते त्याच्यामागून टोपलीकडे निघाले. यंत्र माणसाला कधीही ओढून नेऊ शकणार नाही, इथपर्यंत ते आले होते. माईकची वायर संपली तिथे भाषण संपलं.

"काका, जाकीट काढून द्या," कॅप्टन शांतपणे म्हणाली. "टोपलीत टाकल्याशिवाय तो सोडत नाही."

अध्यक्षांनी काढून दिलं. खेकड्याने ते टोपलीत टाकलं. मला वाटलं, आता मुलांची जागाही गेली आणि माझं चिटणीसपदही. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "परत करून दाखवेल का?"

मग काय विचारतेस. औषधाच्या दुकानवाले, निवृत्त पोस्टमास्तर, सगळे रांगेत उभे राहून आपापलं जाकीट पळवून घेत होते. पोस्टमास्तर तर दोनदा घुसले. गडबड ओसरल्यावर कॅप्टन म्हणाली, "चूक त्याची नाही. आम्ही त्याला जेवणाच्या टेबलाखाली शिकवतो. तिथे माणसांचे फक्त पाय असतात." यावर कुणी हसलं नाही. मुलांना खोली मिळालीच पाहिजे, असा ठराव एकमताने झाला. कुणाची, हे ठरावात राहून गेलं (सभागृहात रोज शिवणवर्ग असतो).

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. तुझी मागची खोली सध्या रिकामीच आहे ना? सहज विचारलं.

आणखी एक ता. क. मुलांना मी 'ताई हो म्हणाली' असं सांगून बसलो आहे. हे पत्र तुझ्या हाती पडेल तेव्हा ती दारात उभी असतील. पत्र आणणारी मुलगी तीच, चष्मेवाली. तिला नाही म्हणून बघ. मला जमलं नाही.