मागून चालायची ड्युटी

रविवार, ४ जानेवारी २०२६
नवीन वर्षाची पहिली मीटिंग. शाहनवाजच्या सायकलच्या दुकानामागे सगळे जमलो. तो आमच्या 'पायवाट मंडळा'चा अध्यक्ष, मी सचिव. अकोल्यातल्या लोकांना रविवारी किल्ल्यावर, जंगलात चालायला नेणं हे मंडळाचं काम. ठराव झाला: यंदा स्वयंसेवकांचा सत्कार करायचा, पंचवीस तारखेला. भाषण माझ्याकडे. शाहनवाज म्हणाला, नितेशभाऊ असले का भोंगा लागत नाही. ही स्तुतीच समजायची.
संकल्प: प्रत्येक स्वयंसेवकाला घरी जाऊन भेटायचं. भाषण आतून आलं पाहिजे. तसा मीही स्वयंसेवकच आहे, पण हे आपण म्हणू नये. दुसऱ्याने म्हणावं.

शुक्रवार, ९ जानेवारी
कोणाकडे जाणं झालं नाही. ऑफिसात ऑडिट. रस्त्यात शालिकराम भेटला. ट्रेकला चहा आणि खिचडी तोच करतो. 'सेवेची प्रेरणा कुठून मिळाली?' असं विचारलं, तर म्हणाला, मागून सांगतो भाऊ, सिलिंडर आणाचं हाय.
रविवारी नरनाळा किल्ला. यावेळी मागून चालायची ड्युटी माझी. सगळ्यात शेवटी राहायचं, कोणाला मागे राहू द्यायचं नाही. जबाबदारीचं काम आहे. म्हणूनच माझ्याकडे येत असावं.

रविवार, ११ जानेवारी, पहाट
अलार्म वाजला. भयंकर थंडी. रजईतून हात काढून शाहनवाजला मेसेज टाकला: कंबर धरली, येणं शक्य नाही. हात काढताना कमरेत खरंच काहीतरी ओढल्यासारखं झालं होतं. त्यामुळे याला खोटं म्हणता येणार नाही. त्याचं उत्तर आलं: आराम करा, मागे फरजानाखाला आहेत.
खाला म्हणजे साठीच्या, रिटायर्ड मास्तरीण. प्रथमोपचाराची पेटी कायम त्यांच्याच पाठीवर. काम चांगल्या हातात गेलं. झोपलो.

त्याच दिवशी, दुपार
कचोरी खात होतो, तेवढ्यात फोन आला. किल्ला उतरताना एका नवीन बाईचा पाय घसरला. खालांनी तिला धरलं. बाई वाचली, खाला दगडांवर पडल्या. घोटा मोडला. चौघांनी चादरीत घालून पायथ्याच्या शहानूर गावापर्यंत आणलं.
उरलेली कचोरी ठेवून दिली.
नंतर शांतपणे विचार केला. मी गेलो असतो तर मी पडलो असतो. माझं वजन पाहता ते चौघांच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणजे एका अर्थी मी न जाऊन मंडळाला
हे वाक्य नंतर पूर्ण करीन.

सोमवार, १२ जानेवारी
खालांना भेटायला दवाखान्यात निघालो. संत्री घेतली. वाटेत शाहनवाजचा फोन. कंबर कशी आहे? तोंडातून निघून गेलं, तशीच आहे. आता तशीच कंबर घेऊन मी दवाखान्याचा जिना चढलो, तर लोक काय म्हणतील? परत फिरलो. बागेतल्या बाकावर बसून संत्री खाल्ली. आंबट होती. खालांना दिली असती तर उगाच त्रास झाला असता.
मेडिकलमधून कमरेचा पट्टा घेतला. उद्या पट्टा बांधून जाईन.

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत
गेलो नाही. बायको प्राजक्ता तिळगूळ घेऊन खालांच्या घरी जाऊन आली. बायकांना अशा गोष्टी सहज जमतात. सांगत होती, गुडघ्यापर्यंत प्लास्टर आहे, डॉक्टरांनी वर्षभर डोंगराचं नाव काढू नका म्हटलं. त्यानंतरचंही नक्की सांगत नाहीत. खाला म्हणे खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मग त्यांनी माझी कंबर विचारली, आणि मालिशसाठी तेलाची बाटली दिली. घरी काढलेलं तेल.
बाटली कपाटात ठेवली. कपाट उघडलं की दिसते. म्हणून कपाट उघडणं बंद केलं. कालचाच शर्ट घालून ऑफिसला गेलो.

शनिवार, १७ जानेवारी
पट्ट्याने कंबर काचली आहे. आता खरंच दुखते. एका परीने हिशेब बरोबर झाला, पण मनाला बरं वाटत नाही.
तेल लावावं का? नाही. तेवढा हक्क मला नाही. (हे मी स्वतःशी फार चांगलं बोललो.)

सोमवार, १९ जानेवारी
मीटिंग. पहिला सत्कार खालांचा, हे एकमताने ठरलं. मग शालिकराम म्हणाला, नितेशभाऊंचाही करा, कंबर मोडलेली असताना मानूस धावपळ करून राहिला. मी नकार दिला. एकदा. आवाज थोडा लहान निघाला असेल. नेहमी भोंगा लागत नाही म्हणणाऱ्यांना नेमका तोच ऐकू आला नाही.
घरी येऊन भाषणाला बसलो. पहिलं वाक्य: 'खाला सर्वांच्या मागे चालल्या, म्हणून कोणी मागे राहिलं नाही.' सुंदर वाक्य. पण ऐकणारा विचारेल, त्या दिवशी मागे चालायची ड्युटी कोणाची होती? खोडलं. दुसरं वाक्य पर्यावरणावर लिहिलं.

शनिवार, २४ जानेवारी
निर्णय झाला. उद्या स्टेजवर सगळ्यांसमोर खरं सांगायचं. माझ्यासारख्या माणसाला हे शोभून दिसेल. आरशासमोर उभं राहून तयारी केली. 'मित्रहो, त्या दिवशी माझी कंबर दुखत नव्हती.' इथे थांबायचं. लोकांना अर्थ पोचू द्यायचा.
प्राजक्ता दारात उभी राहून ऐकत होती, हे मला उशिरा समजलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "हे सांगाले माइक कायले पायजे? खालाचं घर पायी जाण्यासारखं हाय."
मी तिला समजावलं की चूक मंडळाच्या कामात झाली, म्हणून कबुलीही जाहीरच हवी. ती कपडे वाळत घालायला निघून गेली. तिला सार्वजनिक जीवनाचा अनुभव कमी.

रविवार, २५ जानेवारी, संध्याकाळ
कार्यक्रम झाला. जे झालं ते तसंच लिहितो.
खाला वॉकर घेऊन आल्या. पहिल्या रांगेत बसल्या, प्लास्टरचा पाय समोर स्टुलावर. मी माइकसमोर उभा राहिलो आणि नेमकी नजर त्या पायावर गेली. म्हणालो, "मित्रहो, त्या दिवशी माझी कंबर..." पुढे आवाजच फुटेना. लोकांना वाटलं कळ आली. शालिकराम खुर्ची घेऊन धावला. मला बसवलं. टाळ्या वाजल्या. शाहनवाजने बसल्या जागीच शाल पांघरली आणि म्हणाला, अशी माणसं आहेत म्हणून मंडळ आहे. मी शालीत तोंड घातलं. त्याचाही लोकांनी वेगळाच अर्थ घेतला.
कार्यक्रम संपल्यावर खालांच्या शेजारी जाऊन बसलो. शाल काढून मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. रजई, मेसेज, कचोरी, पट्टा. तुमचा पाय माझ्यामुळे गेला, तुमचा डोंगर माझ्यामुळे सुटला, असंही म्हणालो. माझे डोळे भरून आले होते.
खालांनी ऐकून घेतलं. मग माझ्याकडे जरा नवलानेच बघत म्हणाल्या, "तुमच्यामुळं कसं काय, नितेशभाऊ? तुमची ड्युटी असली का तुमी अर्ध्या वाटेतूनच समोर जाता, फोटोसाठी. मंग मागं मीच असते. दरवेळी. तुमी आले असते तरी मी तिथंच पडली असती. दिलावर घेऊ नका."
त्यांना मला दिलासा द्यायचा होता. माझ्या पाठीवर हातही ठेवला.
म्हणजे माझा दोष नाही. चौदा दिवस उगाच जीव जाळला. निदान आता मोकळं वाटायला पाहिजे. वाटेल.
निघायच्या आधी तिथेच छोटी मीटिंग झाली. खाला म्हणाल्या, मी वर्षभर नाही, तर मागे कोण चालणार ते आजच ठरवा, ती जागा रिकामी ठेवू नका. सगळे शालिकरामकडे बघू लागले. तो म्हणाला, मी खिचडी पाहू का मानसं. मग सगळे इकडेतिकडे बघू लागले.
मी हात वर केला.
शाहनवाजला वाटलं मला पाणी पाहिजे. त्याने बाटली दिली. मी प्यालो.